उसाशाचा धूर

माझ्या सासऱ्यांनी दोनच गोष्टी जिवापाड जपल्या: एक त्यांची लेक आणि दुसरं फॉस्फरस ट्रायक्लोराइड. जास्त जीव कोणावर, असं सासूबाईंना विचारलं की त्या भांडी आदळत आत जायच्या.

सासरे रसायनाच्या कारखान्यात फोरमन. मी त्यांच्या हाताखाली नवा केमिस्ट, आणि लेक शेजारच्या खोलीत नमुने तपासायला. ट्रायक्लोराइडला सगळी शेड 'धाकटा' म्हणायची. दिसायला पाण्यासारखा नितळ, पण पाण्याशी हाडवैर. हवेतला ओलावा नुसता हुंगला तरी पांढरा धूर सोडायचा, आणि तो धूर नाकात गेला की माणसाला पूर्वज दिसायचे. त्याला आणखी क्लोरीन पाजला की 'थोरला' तयार, म्हणजे पेंटाक्लोराइड. ही पिवळट भुकटी तापवली तर वितळायचं सोडून सरळ वाफ होऊन उडायची. या दोघा भावांच्या जिवावर पुढे कीटकनाशकं, औषधं, चटकन पेट न घेणारे पडदे असं काय काय बनायचं.

चष्मे, हातमोजे, धूर ओढणारा पंखा, सगळं होतं. पण धाकट्याची बाटली भरताना बूच निघाल्यापासून परत बसेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखायचा, हा फोरमनसाहेबांचा कायदा. कुणी कलिंगड खाऊन आलं तर ते त्याला फाटकातूनच परत पाठवत. पलीकडच्या गल्लीत कपडे वाळत घातले की इकडे बाटली धुमसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बायको म्हणते, काहीतरीच सांगता.

माझे हात जन्मापासून घामेजलेले. शाळेत माझी उत्तरपत्रिका तपासण्याआधी वाळत घालावी लागे. शेडमध्ये माझं नाव 'पाझर' पडलं होतं. अशा माणसाने एक दिवस धीर करून फोरमनसाहेबांकडे त्यांच्या लेकीला मागणी घातली.

ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्या धाकट्याची बाटली तू भरायची. धूर दिसला तर विषय संपला."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातमोज्यांत मासे पाळता आले असते. फोरमनसाहेबांनी स्वतः नरसाळं धरलं. लेक काचेपलीकडे उभी. शेडने श्वास रोखला. मी तोटी उघडली. धाकटा मुकाट्याने बाटलीत उतरत गेला, गळ्याशी आला, मी तोटी बंद केली, नरसाळं निघालं, बूच उचललं आणि तेवढ्यात बाटलीच्या तोंडाशी एक पांढरी रेघ वळवळली.

मी कसंबसं बूच दाबलं. फोरमनसाहेब खाली बघत म्हणाले, "संपला विषय."

लेक आत आली. दिवसभर नमुने निरखणारी बाई ती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"बाबा, धूर त्यांच्या बाजूने नाही आला. तुमच्या मिशीखालून आला. तुम्ही उसासा टाकलात."

"मी? उभ्या जन्मात कधी टाकला नाही."

"मग आज टाकलात. धाकटा थापा मारत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

ते चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "घर रिकामं होईल गं." आणि माझ्याकडे वळून, नेहमीच्या खेकसण्यात, "बघतोस काय? बूच घट्ट बसलंय का बघ."

मला मिळालेला होकार तो एवढाच.

आता सासरे नाहीत. धाकटा बंद नळ्यांतून वाहतो, म्हणतात. त्याच्यासाठी कुणी श्वास रोखत नाही. आमची लेक सुट्टी संपवून निघाली की बायको मात्र दारात श्वास रोखून उभी राहते, आणि गाडी वळली की सोडते. धाकटा जवळ नाही हे बरं, नाहीतर गल्लीभर धूर झाला असता. माझं म्हणाल, तर माझे हात काय, पहिल्यापासूनच ओले.