डाव्या डोळ्याची बाहुली

थंडीची लाट आली की ओझरच्या द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्यांचा धूर निघू लागतो आणि उज्वलाच्या घरात कुंड्या खाली आणायची वेळ होते. हौस प्रफुल्लची. कारखान्यातल्या मित्राकडून त्याने एंजल्स ट्रम्पेट नावाच्या फुलझाडाची एक फांदी आणली होती, तिच्या आता गच्चीवर चार मोठ्या कुंड्या झाल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास वीतभर लांब केशरी फुलं कर्ण्यांसारखी उलटी लोंबायची, संध्याकाळी गच्ची वासाने भरून जायची आणि प्रफुल्ल शेजाऱ्यांना वर बोलावून दाखवायचा. पाणी, खत, पिवळी पानं काढणं हे सगळं उज्वलाकडे कधी आलं, ते तिलाही आता सांगता आलं नसतं.

यंदा तर प्रफुल्लचा खांदा आखडलेला.

"आज पारा फार उतरणार म्हणे," चहा पिता पिता तो म्हणाला. "कुंड्या जिन्याखाली घ्यायला हव्यात. खोडाला दोन फांद्या फुटतात ना, त्याच्या वर काप हं. खाली कापलंस तर फुलं उशिरा येतात."

"माहितीये," उज्वला म्हणाली.

सासूबाईंची अंघोळ, नाश्ता, दोन वेळच्या भाज्यांची चिराचिरी करून ती गच्चीवर गेली. फांद्या छाटल्या, पानं ओरबाडून काढली, म्हणजे झाड हिवाळाभर अंधारात नुसतं घोटभर पाण्यावर झोपून राहतं. मग एकेक कुंडी गोणपाटावर ठेवून ती पायरी पायरीने ओढू लागली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो तिने बोटांनीच पुसला. दोन कुंड्या खाली पोचल्या तेवढ्यात सासूबाईंची हाक आली, "उज्वला, पाय लय गार पडलेत गं, पिशवी गरम करून दे!" उरलेल्या दोन तशाच राहिल्या.

दुपारी पोळ्या लाटताना तिला पोळपाट धूसर दिसू लागला. सून हर्षाली घरूनच काम करायची. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि ग्लास हातात धरून तशीच थबकली.

"आई, इकडे बघा जरा. तुमचा डावा डोळा... बाबा, लवकर या!"

डाव्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झाली होती की डोळा काळाच दिसत होता. उजवा नेहमीसारखा. प्रफुल्ल घाबराघुबरा झाला. त्याच्या मोठ्या भावाला अर्धांगाचा झटका आला होता, तेव्हा त्याने असंच काहीतरी पाहिलं होतं.

"हात वर कर. बोल काहीतरी. माझं नाव सांग."

"अहो, तव्यावर पोळी आहे," उज्वला म्हणाली.

गॅस हर्षालीने बंद केला. सासूबाईंपाशी शेजारची अंजली येऊन बसली. गाडी नाशिककडे निघाली आणि द्वारका चौकात जी अडकली ती हलेना. हर्षाली हॉर्न वाजवत होती, प्रफुल्ल मागे वळून वळून उज्वलाचा हात दाबून बघत होता. उज्वलाने डोळे मिटून घेतले. भीती वाटायला हवी होती. पण गाडीत हीटर चालू होता, आणि तिला नुसती झोप येत होती.

हॉस्पिटलात तिला आडवं केलं. मेंदूचा स्कॅन झाला, रक्त घेतलं, पायांवर कुणीतरी ब्लँकेट ओढलं. बाहेर प्रफुल्ल फोनवर पुण्याला मुलाशी, दीपकशी बोलत होता. उज्वला छताकडे बघत पडून राहिली. कितीतरी वेळ तिच्याकडे कुणी काही मागितलं नाही.

रिपोर्ट घेऊन एक तरुण डॉक्टर आली. "स्कॅन अगदी स्वच्छ आहे, काकू. आज डोळ्यात काही गेलं का? एखादं औषध, झाडाचा चीक?"

उज्वलाने कुंड्यांचं सांगितलं. डॉक्टरने मोबाइलवर फुलाचा फोटो काढून दाखवला. "हेच?"

"हेच."

"ही धोतऱ्याच्या जातीतली. रस डोळ्याला लागला की बाहुली अशी मोठी होते. घाबरू नका, दोन-चार दिवसांत उतरेल. डोळा धुऊन देते, मग घरी जा."

प्रफुल्ल मटकन खुर्चीत बसला. हर्षाली रडू लागली, मग हसू लागली. औषधं आणायला दोघं बाहेर गेली, तेव्हा उज्वलाने हळूच विचारलं, "डॉक्टर, आजचा दिवस ठेवून घेता येईल का मला?"

"का? अजून काही होतंय?"

"नाही. झोपायचंय."

डॉक्टरने पडदा ओढला. "संध्याकाळपर्यंत कुणी उठवणार नाही. मी सांगते त्यांना."

उज्वला अशी झोपली की परिचारिका दोनदा येऊन गेल्याचंही तिला कळलं नाही.

घरी परतताना प्रफुल्ल म्हणाला, "उद्या चारही कुंड्या फेकून देतो. नकोच ती कटकट."

"फेकायला मी कुठे सांगितलं?" डोळ्यावर रुमाल धरून उज्वला म्हणाली. "तुम्हाला आवडतात, तर ठेवा. मी मात्र आता हात लावणार नाही. रसाला भिऊन नाही. दमलेय मी, म्हणून."

घरी आल्यावर प्रफुल्लने हातमोजे शोधले आणि हर्षालीला हाक मारली. दोघं मिळून उरलेल्या कुंड्या खरवडत जिन्यावरून उतरवू लागली. एक मधेच आपटली, माती सगळ्या पायऱ्यांवर सांडली. खाटेवरून उज्वला ते ऐकत होती. उठावंसं वाटलं, सवयीने पाय खालीही टेकला, पण तिने तो परत पांघरुणात घेतला.

चार दिवसांनी बाहुली लहान झाली आणि सासूबाईंच्या हाका पुन्हा सुरू झाल्या. हर्षालीने सकाळच्या पोळ्या अंगावर घेतल्या, जाडजूड होत, पण होत. आपटलेलं झाड तगलं नाही. उरलेल्या तीन कुंड्यांना प्रफुल्ल पाणी घाली, कधी विसरे, मग जास्तच ओतून मोकळा होई.

फाल्गुनात एका दुपारी तो जिन्याखालून ओरडला, "उज्वला, अगं ये, बघ तरी! खोडाला फुटवे आलेत!"

"तुम्हीच बघा," ती आतून म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.