मुखवट्यातली जागा

माझं नाक राक्षसी आहे. मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, “हा तुझा आजार बोलतोय, नेदा.” बोलू दे! सोमवारी मी ते सर्जनकडून कापून घेणार होते.

त्याआधी गावाचा मुखवटे घालून, कमरेला घंटा बांधून थंडी पळवायचा नाच आला. मुखवटे कोरणाऱ्या स्तामेनमामांना मी बजावलं, “आत नाकाला भरपूर जागा ठेवा,” आणि हाताने माप दाखवलं.

“पोरी, यात बैलाचं नाक मावेल!” मामा म्हणाले, पण कोरलं त्यांनी.

नाचाच्या दिवशी मुखवटा चढवला. कमरेच्या घंटा घुमल्या, धुक्यात अख्खं गाव तरंगायला लागलं. मुखवटा मात्र डुगडुगत होता. मी आत बोटं घालून चाचपलं. माझं नाक एवढंसं, आणि त्याच्यापुढे नुसती थंडगार पोकळी.

सोमवारी मी कापून घ्यायला निघाले होते, ती ही हवा.