'पण'च्या अलीकडे

शिक्षण धोरणावर मी आजवर इतकं लिहिलंय की विभागातलं एक अख्खं कपाट माझ्याच लेखांनी अडवलंय. ते कोणी वाचले, हे मात्र विचारू नये. माझ्या लेखांचे संदर्भ सगळ्यांत जास्त कोण देतं याचा मी एकदा शोध घेतला, तर पहिला नंबर माझाच निघाला. दुसरा माझ्या एका विद्यार्थ्याचा. त्याचा प्रबंध तेव्हा माझ्या सहीसाठी अडून होता, म्हणजे ते प्रेम कितपत खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा.

यंदा प्राध्यापकपदाची शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी निवृत्ती. निवड समितीला आता नुसते लेख पुरत नाहीत, संशोधनाचा समाजावर पडलेला प्रभाव दाखवावा लागतो. माझ्या बाबतीत समाज म्हणजे आमची ही, आणि तिच्यावर माझा प्रभाव पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

ही प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते. गेलं वर्षभर ती एका अनोळखी माणसाचा उद्धार करत होती. पहिलीच्या पोरांनाही दर सोमवारी लेखी परीक्षा, हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस. रविवारी संध्याकाळपासून पोरांची पोटं दुखतात आणि सोमवारी दोघं-तिघं वर्गातच ओकतात. "तो शहाणा एकदा सापडू दे," ती म्हणायची, "त्याच्याच हातात फडकं देते." मीही तावातावाने मान डोलवायचो.

एके दिवशी ती शिक्षकांच्या प्रशिक्षणातून आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"तो शहाणा सापडला," ती म्हणाली.

"कोण गं?"

"तुम्ही. पडद्यावर एवढं मोठं वाक्य, 'दर आठवड्याच्या परीक्षेने मुलांचे गुण हमखास वाढतात.' खाली तुमचं नाव. शेजारची विचारत होती, आडनाव तेच दिसतंय, नात्यातले का? मी म्हटलं, छे, लांबचेसुद्धा नाहीत."

वाक्य माझंच होतं. गंमत म्हणजे लेख या परीक्षांच्या विरोधात होता. माझी एक जुनी खोड आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, त्याला स्वतःला जमणार नाही इतकं झकास मांडायचं आणि मग त्याला चीत करायचं. त्या लेखात मी पूर्वपक्षाला तीस पानं दिली होती. 'पण' एकतिसाव्या पानावर होता. शिक्षण खात्यातली माणसं तिथवर कशाला पोचतायत? माझी सख्खी बायको पोचली नव्हती.

"समितीचे अध्यक्षच खात्याचे सल्लागार आहेत ना?" ती म्हणाली. "मग मुलाखतीत तोंडावर सांगा, लेख उलटा वाचलात म्हणून. परीक्षा थांबतील."

"आणि माझा प्रभाव?"

"तुमचा प्रभाव मी दर सोमवारी पुसतेय."

मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला.

मुलाखतीच्या खोलीत शिरलो तर अध्यक्ष चक्क उठून उभे राहिले. माझ्यासाठी आजवर कोणी उठलं असेल तर ते बसमध्ये, वयाकडे बघून. "संशोधन असावं तर असं," ते म्हणाले. "एका लेखाने सगळ्या शाळा हलवल्यात. सांगा, हे सुचलं कसं?"

मी सवयीप्रमाणे पूर्वपक्षापासून सुरुवात केली. परीक्षांचे फायदे सांगितले, उदाहरणं दिली, मध्येच एक विनोदही केला. सगळे हसले. इतकं गोड वाटत होतं की लेखात नसलेला एक फायदाही मी तिथल्या तिथे तयार केला. मग 'पण' ओठांवर आला, आणि तेवढ्यात चहा आला. अध्यक्षांनी स्वतः कप माझ्यापुढे सरकवला. "आता आणखी काय ऐकायचं राहिलं? अभिनंदन."

चहा आला नसता तर बोललोच असतो, असं मी घरी येताना रस्ताभर स्वतःला पटवत होतो. खरं तर चहा चांगला कढत होता. तो निवेपर्यंत दहादा 'पण' म्हणता आलं असतं. मी फुंकर मारत बसलो.

दार हिनेच उघडलं. "काय झालं?"

"मिळालं."

तिचा चेहरा खुलला. इतकी वर्षं तीही माझ्यासोबत वाट बघत होतीच की. "आणि ते सांगितलंत?"

"हे बघ, अध्यक्ष माणूस भला आहे. मी आत गेलो तर उठून उभे..."

"'पण'च्या पुढचं सांगा."

"राहिलं."

मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेखाली पद मिळाल्याचा आनंदही होताच. ती चिडली असती तर बरं झालं असतं, तिच्या चिडण्याची मला सवय आहे. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "येत्या सोमवारी शाळेत या. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसा. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं."

बातमी कळताच विभागाने त्याच सोमवारी सकाळी माझा सत्कार ठेवला होता. भाषणाचा विषयही ठरला होता, 'माझं संशोधन आणि समाज'. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

"बघतो," मी म्हणालो.