अठराने भाग जाणारा

“हाच तो! धरा, पळू देऊ नका!”

मुकुंदराव गद्रे बंगालीत असे काही कडाडले की बेहालाच्या ऑटो स्टँडवरची माणसं हातातला चहा टाकून धावली. छोट्या पांढऱ्या टेम्पोतून ड्रायव्हरला गचांडी धरून खाली खेचलं. पहिली थप्पड मात्र मुकुंदरावांचीच. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, कुणावर कधी छडी उगारली नाही, आणि आज हात असा चालला की समोरच्याचा ओठच फाटला.

गेल्या महिन्यात अशाच पांढऱ्या टेम्पोने त्यांच्या बायकोला, सरोजताईंना उडवलं होतं आणि तो न थांबता पसार झाला होता. मागे मालकाचा मोबाइल नंबर रंगवलेला होता. तुमच्याआमच्यासारख्याने निदान शेवटचे चार अंक पाठ केले असते. पण मुकुंदरावांची खोडच वेगळी! मोठी संख्या दिसली की आधी तिची जात बघायची: सम की विषम, मूळ की संयुक्त, कशाकशाने भाग जातो. त्या धुरळ्यातही त्यांनी अंकांची बेरीज केली. नऊच्या पटीत आली, शेवटचा अंक सम. म्हणजे अठराने भाग जातो. तेवढंच डोक्यात राहिलं, नंबर गेला. आज या टेम्पोमागची बेरीज चोपन्न, शेवटी आठ. झालं!

“बाबूजी, मैं नहीं था,” ड्रायव्हर कळवळून सांगत होता. कुणीतरी त्याच्याच टेम्पोतला जॅक काढला. गुडघ्यावर घाव बसला. हाड मोडल्याचा आवाज मुकुंदरावांना स्पष्ट ऐकू आला आणि, खोटं कशाला सांगा, त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात औषधाच्या दुकानातून सरोजताई काठी टेकत आल्या. “अहो, काय चालवलंय हे? हा नव्हे तो! तो जाडा होता, टकला. मी पाहिलाय ना त्याला!”

“अगं, पण नंबर जुळतोय. अठराने भाग जातो.”

“जळला मेला तुमचा भाग! अठराने भाग जाणारा जगात एकच नंबर आहे का?”

मुकुंदरावांच्या तोंडचं पाणी पळालं. दहा अंकी संख्यांमध्ये अठराने भाग जाणाऱ्या पन्नास कोटी. हे उत्तर त्यांनी झोपेतसुद्धा दिलं असतं.

“थांबा! माझी चूक झाली! सोडा त्याला!”

ऐकतंय कोण! कुणीतरी त्यांनाच बाजूला ढकललं. शेवटी ते ड्रायव्हरच्या अंगावर आडवे पडले, पाठीत लाथा खाल्ल्या, तेव्हा कुठे लोक ओशाळून मागे सरले.

ड्रायव्हर जेमतेम पंचविशीचा. दात मातीत पडलेले, पाय भलतीकडेच वळलेला. सरोजताई फोनवर अँब्युलन्स मागत होत्या. मुकुंदरावांना रडू आवरेना. “माफ कर रे बाबा,” ते मराठीतच म्हणाले आणि रक्त पुसायला रुमाल धरलेला हात पुढे केला.

त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

“बस, बाबूजी,” तो म्हणाला, “अब और नहीं.”