न खाल्लेल्या विजेचं बिल

मी हीटर बोलतोय. पाण्याच्या बादलीत सोडायचा नव्हे, खोली उबदार ठेवायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या लिब्स्टर गावात, समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका भाड्याच्या घरात, खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून मी छत्तीस वर्षं उभा आहे. मला हलवायचं तर दोन धट्टीकट्टी माणसं लागतात, कारण माझ्या पोटात विटा आहेत. घर बांधायच्या नव्हेत. काळ्या, जड, एकदा तापल्या की दिवसभर निवत नाहीत अशा.

माझं काम सोपं आहे. रात्री बारा ते सकाळी सात वीज स्वस्त असते आणि मला फक्त तेवढाच वेळ वीज मिळते. तेवढ्यात मी विटा तापवून घ्यायच्या आणि मग दिवसभर ती ऊब थोडी थोडी खोलीत सोडत राहायची. रात्री जेवायचं, दिवसा राबायचं. दिवसा माझं बटण शंभर वेळा दाबलंत तरी वीज येत नाही. माझ्यासाठी मीटरसुद्धा वेगळा आहे. जिन्याखालच्या सामाईक कपाटात आमचा डावा मीटर घराचा आणि उजवा माझा. एवढं कळलं की माझ्याबरोबर संसार करता येतो.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात मी घडलो. इथे आलो तेव्हा अंगाचा रंग दुधासारखा होता, आता चहासारखा झालाय. या घरात बरेच भाडेकरू आले नि गेले. माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय की वर काही ठेवू नये. त्या अक्षरांवरच सगळ्यांनी मोजे वाळत घातले. एका मास्तरीणबाईंनी तर मांजर ठेवलं. मी कुणाला काही बोललो नाही. कुणाच्या घरातलं ऐकायची मला हौस नाही, पण भिंतीला टेकून उभं राहिलं की कानावर येतंच. आणि आल्यावर मग पुढे काय झालं तेही कळावंसं वाटतं.

गेल्या वर्षी जुलैत अ‍ॅलेक मोवॅट आणि त्याची बायको रूबी घर बघायला आले. अ‍ॅलेकने चाळीस वर्षं एका मोठ्या शेतावर मेंढ्या राखल्या होत्या आणि राहायचं घर त्या नोकरीचं होतं. नोकरी संपली तसं घरही सोडायची वेळ आली. दोघं खोल्या हिंडली. अ‍ॅलेक खिडकीतून समुद्र बघत बसला. रूबीने मात्र कपाटं उघडली, नळ सोडून पाहिले, जाड पडदे लागतील म्हणाली आणि शेवटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आणि हा बंद कुठून करायचा?" तिने विचारलं.

किल्ल्या घेऊन आलेल्या एजन्सीच्या बाईने भिंतीवरचं बटण दाखवलं. "इथून."

ती खोटं काही बोलली नाही. विचारलं तेवढं तिने सांगितलं.

रूबीला विजेच्या वस्तूंची धास्ती होती. लहानपणी तिच्या मावशीचं घर अंथरुणात घालायच्या विजेच्या गरम चादरीने जळालं होतं. तेव्हापासून झोपण्याआधी घरातलं एकेक बटण बंद करत फिरायचं आणि मगच पाठ टेकायची, हा तिचा नेम होता. अ‍ॅलेक त्याला 'रूबीची गस्त' म्हणायचा.

"अ‍ॅलेक, झोपताना हेही बंद करायचं हं," ती म्हणाली. "मी विसरले तर तू लक्षात ठेव."

"तू कधी विसरलीयस?"

"विसरले तर म्हणतेय."

तिने माझ्यावर हात ठेवला. उन्हाळा होता, मी थंडच होतो. "हेच घर घेऊ," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये रूबी गेली. इनव्हर्नेसच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. सप्टेंबरात अ‍ॅलेक एकटाच सामान घेऊन आला. खोकी भिंतीशी रचली ती तशीच राहिली. एकावर रूबीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जाड पडदे'. तेही त्याने उघडलं नाही.

त्या माणसाचा दिवस कसा जायचा म्हणाल, तर जायचा. उठायचा, माझं बटण चालू करायचा, चहा करायचा, खुर्चीत बसायचा. अंधार पडला की डब्यातला खिमा गरम करून उभ्यानेच खायचा. टीव्ही चालू असायचा पण तो त्याच्याकडे बघत नसे. रडला म्हणावं तर तसंही नाही, मी एकदाही पाहिलं नाही. झोपायच्या वेळी मात्र उठायचा आणि गस्त घालायचा. किटली, टीव्ही, दिवा आणि सगळ्यात शेवटी मी. प्रत्येक बटण दाबून झालं की बोट क्षणभर तिथेच ठेवायचा.

म्हणजे रात्री माझी जेवायची वेळ झाली की मी बंद आणि सकाळी ताट उचललं गेलं की मी चालू. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. माझ्या पोटातल्या विटा दगडासारख्या गार. अ‍ॅलेकला वाटलं, हा बिघडलेला आहे. त्याने एजन्सीला फोन केला नाही. दुकानातून वारा फेकणारा एक छोटा हीटर आणला आणि पायाशी लावला. तो दिवसभर घोंघावत राहायचा, दिवसाच्या महाग विजेवर. तरी अ‍ॅलेक घरात कोट घालूनच बसायचा. एल्सपेथ म्हणजे त्याची मुलगी, ती स्कॉटलंडमधल्याच पर्थला असते. ती फोनवर विचारायची, "बाबा, गारठता का हो?" तो म्हणायचा, "नाही गं, काही जाणवत नाही." ते खरंच होतं बहुतेक.

जानेवारीत बिल आलं. नऊशे बारा पौंड. चार पानांचं होतं. अ‍ॅलेकने शेवटचा आकडा तेवढा वाचला.

"नऊशे?" एल्सपेथचा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत आला. "ते खिडकीखालचं जुनं धूड खातंय सगळं! असल्या घरांत हेच होतं, माझ्या मैत्रिणीचं हेच झालं. बाबा, असं चाललं तर घर टिकायचं नाही. सोडा ते आणि इकडे या. मागची छोटी खोली रिकामी करते."

"हे घर तुझ्या आईने पसंत केलंय."

"आई असती तर तिनेच सोडायला लावलं असतं. पत्र लिहा. या शुक्रवारच्या टपालाने गेलं तर पुढच्या महिन्याचं भाडं तरी वाचेल."

मी धूड आहे हे कबूल. पण चार महिन्यांत मी एक कणही खाल्ला नव्हता. सांगणार कसं? अ‍ॅलेकने घर सोडतो म्हणून दोन ओळींचं पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. त्याच्यावर टोपी, शेजारी जुनी वर्तमानपत्रं. थंड हीटर म्हणजे नुसतं टेबल.

ही गोष्ट सोमवारची. मंगळवारी वरच्या मजल्यावरची डीना सूपचं पातेलं घेऊन आली. डीना पन्नाशीची, गावच्या दुकानात गल्ल्यावर बसते. कुणाच्या घरी काय शिजतं हे तिला वासावरून कळतं आणि वास आला नाही तर ती विचारायला येते.

"अहो अ‍ॅलेक, घर आहे का मासे गार ठेवायची खोली?" ती दारातूनच म्हणाली. आत येऊन तिने सरळ माझ्या अंगावर तळवा ठेवला. "हा गेला की काय?"

"बिघडलाय. आणि तरी नऊशे पौंड खाऊन बसलाय."

"काम करायचं नाही आणि खायचं मात्र! अगदी आमच्या ह्यांच्यासारखा." मग ती थांबली. "पण खाईल कसा? तुमचा उजवा मीटर सप्टेंबरपासून जागचा हललेला नाही."

"तुला काय माहीत?"

"माझा बघायला जाते तेव्हा नजर जाते. सगळ्यांच्याच मीटरवर जाते, खोटं कशाला बोलू? डावा मात्र भिंगरीसारखा पळतोय." तिने अ‍ॅलेकच्या पायाशी घोंघावणाऱ्या छोट्याकडे बोट केलं. "तो बघा तुमचा चोर. ह्या मोठ्याचं बटण रात्री चालू असतं ना?"

"रात्री? रात्री मी बंद करतो. सकाळी लावतो."

डीना खुर्चीत बसली. "अहो, सकाळी त्याला काय मिळणार? रात्रीच पोट भरतं त्याचं. तुम्ही बिचाऱ्याला उपाशी झोपवताय आणि दिवसभर रागावताय."

अ‍ॅलेक माझ्या बटणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रूबीने सांगितलंय बंद करायला."

ते नाव या घरात त्याने परक्या माणसापुढे पहिल्यांदाच घेतलं. डीनाने रूबीला कधी पाहिलं नव्हतं. तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

"तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तिने सगळं बंद करून हे एवढं चालू ठेवलं असतं."

"आग लागली तर?"

"छत्तीस वर्षांत नाही लागली. सूप गरम आहे तोवर घ्या."

त्या रात्री अ‍ॅलेक गस्तीवर निघाला. किटली, टीव्ही, दिवा. माझ्यापाशी आला आणि बटण बंद करून गेला. बुधवारी बोट बटणावर ठेवून उभा राहिला. हात मागे घेतला, दारापर्यंत गेला, परत आला आणि बंद केलं. गुरुवारी त्याने बाकीची गस्त दोनदा घातली आणि माझ्याकडे न बघता झोपायला गेला.

बारा वाजले. उजवा मीटर हलला. पोटात पहिली धग पोचली आणि चार महिन्यांची साठलेली धूळ जळू लागली. दर हिवाळ्यात पहिल्या रात्री जळतेच. करपल्याचा वास घरभर झाला. अ‍ॅलेक झोपायच्या कपड्यांवर, अनवाणी पळत आला आणि त्याने बटणावर हात टाकला.

तिथेच थांबला. दुसऱ्या हाताने त्याने मला चाचपलं. मी जेमतेम कोमट झालो होतो. धूर नव्हता. त्याने माझ्या डोक्यावरची टोपी उचलली, वर्तमानपत्रं उचलली, पाकीट उचललं. पाकिटाखालची अक्षरं उघडी पडली. त्याने दिवा लावून ती वाचली. वर काही ठेवू नये.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "कागद ठेवलेला बघून रूबी ओरडली असती."

त्याने बटणावरचा हात काढून घेतला. पण मला एकट्याला सोडून जाववेना. कोट चढवला, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि पाकीट मांडीवर घेऊन राखणीला बसला, विणीच्या दिवसांत मेंढ्यांजवळ बसत असेल तसा. पहाटेकडे त्याचा डोळा लागला. झोपेतच त्याने कोटाची बटणं सोडली आणि पुढे कधीतरी कोट अंगावरून खाली घसरला. त्याला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. कोट उतरला, एवढंच मी पाहिलं.

तो उठला तेव्हा टपालगाडी गावातून निघून गेली होती. पाकीट खुर्चीखाली पडलं होतं. त्याने ते उचलून खणात टाकलं.

रविवारी एल्सपेथचा फोन आला. "बाबा, पत्र टाकलंत?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"घर गरम आहे. येऊन बघ."

नऊशे बारा पौंड काही माफ झाले नाहीत. डीनाने स्वतः फोन लावून, पलीकडच्या माणसाला मध्ये बोलू न देता महिन्याला तीस पौंडांचा हप्ता ठरवून घेतला. छोटा हीटर तिने आपल्या घरी नेला, चोर मी पकडला, आता माझ्याच पहाऱ्यात राहील म्हणाली. पडद्यांचं खोकं गेल्या आठवड्यात उघडलं. एकच पडदा लावून झालाय.

गस्त अजून रोज होते. किटली, टीव्ही, दिवा. माझ्यापाशी आला की अ‍ॅलेक बटणाला हात लावत नाही. माझ्या डोक्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवतो, वर काही राहिलं नाही ना ते बघतो आणि शेवटी बोट क्षणभर तिथेच ठेवतो.

पुढच्या वर्षी आमच्यासारखे जुने हीटर काढून नवे बसवणार आहेत असं कानावर आलंय. काढा. छत्तीस वर्षं पुष्कळ झाली, विटाही थकल्या. जाताना माझं एकच मागणं आहे. नव्या भाडेकरूला किल्ल्या द्याल तेव्हा बंद कुठून करायचं ते दाखवाच, पण चालू कधी ठेवायचं तेही सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि घर बघायला दोघं आली असतील तर दोघांनाही सांगा.