जोह्याला गेलेले दोन कागद

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. पेण गावाबाहेर, खाडीच्या अंगाला विद्यापीठाचं एक लहानसं आवार आहे. तिथल्या संगणक कक्षात, दाराच्या डाव्या हाताला, एका लोखंडी टेबलावर माझं बिऱ्हाड आहे. माझ्या वयाचे प्रिंटर केव्हाच भंगारात गेले. मी गेलेलो नाही आणि इतक्यात जाण्याचा माझा विचारही नाही. पण कहाणी सांगायची तर ती खरी सांगावी. म्हणून आधीच कबूल करतो, माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली, आणि तिच्यापायी एका हुशार मुलीचं शिक्षण सुटायची वेळ आली होती.

माझा जन्म दूर परमुलखातल्या कारखान्यात झाला. आईबाप ठाऊक नाहीत, पाठीवर नुसता एक क्रमांक चिकटवलेला. थर्माकोलमध्ये अंग आवळून मी आधी बोटीतून आलो, मग ट्रकमधून, आणि शेवटचे दोन जिने शांतीमावशींच्या डोक्यावरून. शांतीमावशी म्हणजे आमच्या कक्षाची झाडलोट करणाऱ्या. मी छापलेलं पहिलं पान हमिदा मॅडमनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. त्या या कक्षाच्या प्रमुख. "शांते, अक्षर बघ गो, मोत्यासारखं!" असं त्या म्हणाल्या, आणि मी त्या शब्दांवर पुढची बारा वर्षं काढली.

तसे लाडही पुष्कळ झाले. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. एका वर्षी कुणीतरी हौसेने झेंडूचा एवढा मोठा हार घातला की पाकळ्या माझ्या रुळात शिरल्या. पूजा झाली आणि दोन दिवस मी आजारी पडलो.

काम मात्र मी कधी टाळलं नाही. आमच्याकडे बावीस संगणक, त्यातले अठरा धडके, आणि त्या सगळ्यांचा भार माझ्या एकट्यावर. त्यात खाडीची दमट हवा. पावसाळ्यात कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडतो आणि माझ्या पोटात मुडपून बसतो. मी कण्हत असतो, आणि इकडे विद्यार्थी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! कागद लगेच आला नाही की पुन्हा बटण दाबायचं, तरी आला नाही की तिसऱ्यांदा. मी हुकमाचा ताबेदार. जितक्यांदा दाबाल तितक्यांदा छापणार. कुणी अख्खं पुस्तक छापायला लावून त्यातलं एकच पान घेऊन जायचा. कुणी आपलं खातं उघडंच टाकून चहाला जायचा आणि मागाहून दुसरा त्याच्या नावावर क्रिकेटच्या सामन्यांची यादी छापून घ्यायचा.

न नेलेल्या कागदांचा ढीग बघून हमिदा मॅडमचा जीव तुटायचा. त्यावर त्यांनी एक तोड काढली. शेवटच्या वर्षाला संगणकशास्त्र शिकणारी भूमिका नावाची एक मुलगी होती. ती जवळच्याच जोहे गावची. तिच्या वडिलांचा, प्रविण यांचा, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. मूर्ती बाहेरगावी पाठवायची म्हणजे हाताची बोटं, सोंड आणि मुकुटाचं टोक कागदाने नीट गुंडाळावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "भूमिका, आमचा हा कागद तुमच्याकडे नेत जा. वाया जाण्यापेक्षा देवाच्या कामी येईल."

दर शनिवारी एक पोतं जोह्याच्या एसटीत चढू लागलं. कुणाचं नावगाव असलेला कागद आधी बाजूला काढायचा, एवढं काम भूमिकेकडे होतं. साऱ्या आवाराने मॅडमना शाबासकी दिली. मलाही बरं वाटलं. माझ्या चुकलेल्या पानांचंसुद्धा सोनं होतंय, असं वाटून मी फुगलो होतो. कागद वाया गेला नाही म्हणजे सगळं ठीक, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती.

मग जुलैतला तो गुरुवार आला.

माहिरा दुसऱ्या वर्षाला होती. रोह्याहून आगगाडीने यायची. वर्गात पहिली, बोलायला कमी. त्या दिवशी तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. त्यावर तिचा फोटो, वडिलांचं नाव, घरचा पत्ता, मोबाइल नंबर, सगळं होतं. तिने बटण दाबलं आणि नेमका माझ्या पोटात ओला कागद अडकला. तिची दुपारची गाडी जवळ आलेली, आणि ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी. तिने पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं. शेवटी भूमिकेने माझं झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढला. मी एक अर्ज बाहेर दिला. माहिराने तो झडप घालून उचलला आणि स्टेशनाकडे पळत सुटली.

ती जिना उतरत असताना मी आणखी दोन छापले.

मला कळत होतं का? नाही, मित्रांनो. मला तीन वेळा सांगितलं होतं, मी तीन वेळा केलं. भूमिका आपल्या संगणकाकडे वळली होती. संध्याकाळी शांतीमावशींनी ते दोन कागद उचलून पोत्यात टाकले. शनिवारी कारखान्यात मोठ्या मागणीची गाडी भरायची होती, घरून भूमिकेला फोनवर फोन येत होते. तिने पोतं न तपासताच उचललं.

महिन्याभराने माहिराला एक अनोळखी फोन आला. दूरच्या कुठल्याशा शहरातला माणूस. त्याला तिचं नाव ठाऊक, गाव ठाऊक, बापाचं नाव ठाऊक. एकदा झाला, दोनदा झाला, मग दिवसातून दहा-दहा वेळा फोन, घाणेरडे संदेश. शेवटी त्याने तिच्याच अर्जाचा फोटो काढून तिला पाठवला. तो फोटो घेऊन ती हमिदा मॅडमकडे आली. 

"मॅडम, मी कुनालाच नंबर दिला नाय. घरी कुनी इश्वास ठेवत नाय. मोबाइलपन काढून घेणार हायत."

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. भूमिका बाजूलाच उभी होती. कागद चुरगळलेला होता आणि त्याच्या कडेला सोनेरी रंगाचा एक फराटा ओढलेला होता. त्या फराट्याकडे बघून भूमिकेचा चेहरा पांढराफटक पडला. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मला तर बोलता येत नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "हा आमच्या मुकुटाचा सोनेरी हाय. ह्यो कागद मूर्तीला गुंडाळून आमच्या कारखान्यातून गेलाय. मी पोतं बघितलं नाय त्या दिशी. माझी चूक हाय." आणि ती खाली मान घालून रडायला लागली.

माहिराने आपला मोबाइल उचलला आणि तिच्याकडे पाठ फिरवली. ते मला जास्त लागलं.

मॅडम त्याच दिवशी माहिराला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार झाली, त्या माणसाला समज मिळाली, फोन थांबले. पण रोह्याला तिच्या वडिलांनी, नासिरभाईंनी, तिचं येणं बंद केलं. चूक आमची आणि घरात बसली ती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

 तिसऱ्या दिवशी भूमिकेला समोर बसवून म्हणाल्या, "रडून झालं? आता ऐक. ही पोर परत यायला हवी असेल तर या खोलीतनं कुणाचा कागद दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. मला सूचनांचे फलक नकोत, ते कुणी वाचत नाही. तुला काय करता येईल ते सांग."

भूमिकेने डोळे पुसले. "येईल, मॅडम. पन नवीन मशीन नको. हाच ठेवा."

हाच म्हणजे मी! त्या क्षणापासून मी तिला माफ केलं. स्वतःला माफ करायला मात्र वेळ लागला.

ज्याच्या पडद्यावर पिवळी रेघ उमटते तो एकोणीस नंबरचा संगणक तिने माझ्या शेजारी आणून बसवला आणि त्याला माझा राखणदार केलं. त्याच्यासाठी ती आठ दिवस प्रोग्राम लिहीत होती. पहिल्या खेपेला मी एकच पान छत्तीस वेळा ओकलो. दुसऱ्या खेपेला कुणी काहीही सांगो, मी मुका. शांतीमावशी म्हणाल्या, "माय गो, याला दृष्ट लागली." पण भूमिका हटली नाही. चुकलेलं पुसायची, पुन्हा लिहायची. तिच्या त्या हट्टापुढे माझं जुनं अंगसुद्धा सरळ झालं.

नवव्या दिवशी ते जमलं. आता कुणी बटण दाबलं तरी मी लगेच छापत नाही. कागद आत थांबतो. ज्याचा तो आहे त्याने माझ्यासमोर उभं राहून आपला गुप्त नंबर टाकायचा, तेव्हाच मी हलतो. तीनदा दाबलं तरी प्रत एकच निघते. छापण्याआधी राखणदार विचारतो, "बेचाळीस पानं आहेत. सगळी हवीत का?" आणि निम्मे जण लाजून चारच पानं घेतात. न नेलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आपोआप पुसलं जातं. चुकलेले कागद शांतीमावशी आता फाडून पाण्यात भिजवतात. जोह्याला जातो तो फक्त लगदा.

पण ज्या मुलीसाठी हे सगळं केलं, ती कुठे होती?

ती आली. गणपती होऊन गेले होते. सोबत नासिरभाई होते, आणि ते तिचा दाखला काढायला आले होते. कार्यालयाने सांगितलं की दाखल्याचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यातून भरून छापून आणायचा. म्हणून बापलेक आमच्याकडे आले. हमिदा मॅडम उठून उभ्या राहिल्या. भूमिका भिंतीशी जाऊन थिजली.

"बसा, नासिरभाई."

"बसत नाय, मॅडम. तुमच्यावर राग नाय माझा. तुमी पोलिसात गेलात, ते मी इसरनार नाय. पन माझ्या पोरीचा फोटो गावोगाव फिरला. आता शिकली तेवढी बस झाली."

माहिराने अर्ज भरला. कारण या रकान्यात तिने 'घरगुती' असं लिहिलं. बटण दाबलं. मी गप्प.

"मशीन बिघडली काय?" नासिरभाईंनी विचारलं.

"नाय बिघडली. माहिराने नंबर टाकल्याशिवाय कागद येणार नाही. टाकला नाही तर उद्या सकाळी दहाला अर्ज आपोआप पुसला जाईल," मॅडम म्हणाल्या.

"मग तुमी काढा."

"मला नाय काढता येत."

त्यांनी भूमिकेकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मी बनवलंय, चाचा, पन मलापन नाय निघत."

त्यांचा विश्वास बसेना. ते स्वतः पुढे आले. पोरीच्या जन्माचं साल टाकून पाहिलं, मग घराचा नंबर, मग आणखी काहीतरी. मी ढिम्म हललो नाही. आयुष्यभर हुकूम पाळला, मित्रांनो, पण त्या दिवशी हुकूम न पाळण्यात मला जो आनंद झाला तो काय सांगू!

"माहिरा, टाक नंबर."

तिचा हात कळांवर आला. माझ्या आतला रूळ गरम होऊन तयार होता. तिने नंबर टाकला असता तर मला छापावंच लागलं असतं. कितीतरी वेळ तिचं बोट तसंच थांबलं, आणि मग तिने हात मागे घेतला.

"नाय टाकत, अब्बा. आजपर्यंत तुमचा शब्द मोडला नाय. पन मी काय केलं नाय, मग मी का सोडू? मला शिकायचं हाय."

 नासिरभाई माझ्याकडे एकटक बघत राहिले. ते बारा वर्षं कुवेतला एका कंपनीच्या गोदामावर होते, असं माहिराने पूर्वी एकदा भूमिकेला सांगितलं होतं.

"आमच्या गोदामात," ते सावकाश म्हणाले, "चावी चार जनांकडं होती तवा माल चोरीला जायचा. एकाकडं आली तवा थांबला." मग मॅडमना त्यांनी विचारलं, "हितली चावी आता पोरीकडंच हाय? नक्की?"

"तिच्याकडंच. तुम्ही आत्ताच तीनदा करून बघितलंत."

ते भूमिकेकडे वळले. पोर भिंतीत शिरेल की काय असं झालं होतं. "तूच काय गो ती? कबूल केलंस ती?" भूमिकेने मान हलवली. त्यांनी एक लांब श्वास सोडला. "सकाळी दहाला पुसतंय म्हनालात ना?"

"हो."

"मग पुसू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी माहिरा आली आणि भूमिकेच्या शेजारच्या संगणकावर बसली.  मग माहिराने डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "घे. कोलीम हाय, बारीक जवळा, तुला आवडतो ना?" बरोबर दहा वाजता राखणदाराने तो अर्ज पुसून टाकला.

मित्रांनो, माझी मागणी फार नाही. पडद्यावर वाचून भागत असेल तर मला उठवू नका. उठवलंत तर समोर उभे राहा आणि आपला कागद आपल्या हाताने घेऊन जा. उठताना आपलं खातं बंद करा. कागदावरचं माणूस कागदाइतकंच सहज चुरगळतं, हे मी पाहिलं आहे. बारा वर्षांत मी लाखो पानं छापली असतील, त्यातलं एकही मला आता आठवत नाही. माहिराच्या दाखल्याचा अर्ज मात्र मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, आणि तो मी छापला नाही.