डब्यात सहा चिठ्ठ्या

"दरवर्षी हीच डुगडुगती खुर्ची माझ्या नशिबी," शर्टाच्या गळ्यात नॅपकीन खोचता खोचता हॉइट पुटपुटला. "बहिणीकडे जेवायला येतो मी, नाव वल्हवायला नाही."

ओपलने ऐकलं, आणि त्याच्या ताटात टर्कीच्या शेजारी मक्याच्या पावाचं सारण जरा जास्तच वाढलं. खुर्ची मुद्दामच होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला कॅलोवे कॉलेजच्या माणसाला धड खुर्ची द्यायची नाही, हा टिडमोरांच्या घरातला नियम तिच्या लग्नाआधीपासूनचा. तिचा हा धाकटा भाऊ कॅलोवेचा, हट्टाने हिरवा शर्ट घालून येणारा. बाकीचं सगळं घर स्टेट कॉलेजचं, पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत गडद लाल. परवा, शनिवारी, दोन्ही कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. त्या गावात ज्यांची लग्नं मोडायची असतात त्यांची याच आठवड्यात मोडतात, असं म्हणायचे.

"तुला खुर्ची हवीच कशाला?" ओपलचा नवरा रॉयस म्हणाला. "बगळे एका पायावर उभे राहतात ना?"

कॅलोवेचं निशाण बगळा, स्टेटचं खेचर.

"खेचरांना टेबलावर जेवायला बसवतात, हे मात्र मी फक्त याच घरात पाहिलं," हॉइट म्हणाला.

"परवा हेच खेचर लाथ घालेल तेव्हा कळेल."

"मागच्या वर्षी घातली होती, नाही का? स्वतःच्याच ढुंगणावर."

"हॉइट, जेव," ओपल म्हणाली.

एरवी हे सगळं हसत चालायचं. यंदा कुणी हसत नव्हतं. ओपलचा एकुलता एक मुलगा कोल्बी यंदा स्टेटचा क्वार्टरबॅक होता; सगळा डाव त्याच्या हातून सुटणाऱ्या चेंडूवर. कॉलेजचं शेवटचं वर्ष, शेवटची मॅच, आणि ती बघायला मोठ्या व्यावसायिक संघांची खेळाडू हेरणारी दोन माणसं येणार होती. रॉयसने त्या दोघांची नावं गावातल्या न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना पाठ करून दिली होती.

तीन आठवड्यांपूर्वी एका आडदांड पोराने कोल्बीच्या शिरस्त्राणावर शिरस्त्राण आपटलं होतं. कोल्बी उठला, अंग झटकलं आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभा राहिला. स्टेडियम हसलं. त्याने तीन बोटं बरोबर मोजली, प्रशिक्षकाने पाठ थोपटली, झालं. तेव्हापासून या घरात 'डोकं' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. ओपलचं स्वतःचं दुखलं, तरी ती "जरा बरं नाही" एवढंच म्हणायची.

पण तिला डोळे होते. सुट्टीला घरी आल्यापासून कोल्बी खोलीतला दिवा लावत नव्हता. काल त्याने कुत्र्याला दोनदा खायला घातलं. कुत्र्याची काही तक्रार नव्हती, म्हणून तीही गप्प बसली. बायका अशाच गप्प बसतात, कुत्र्याच्या आडून.

पिकान-पाय हा सुक्यामेव्याचा गोड केक कापून झाला, तसा तिच्या सासऱ्यांनी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओटिसनी, कॉफीचा जुना डबा पुढे ओढला. ही त्यांच्या घरची रीत. जेवणाआधी प्रत्येकाने एकेकट्याने स्वयंपाकघरात जायचं, मॅचचा निकाल काय लागणार ते आकडा घालून चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. नाव घालायचं नाही. ओटिस चिठ्ठ्या वाचणार, कुणाची कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. शनिवारी ज्याचा आकडा सगळ्यात जास्त चुकेल त्याने रविवारी शत्रूची टोपी घालून चर्चला जायचं. आणि आपल्या कॉलेजचा पराभव लिहिणारा घरातून गेला, एवढं न लिहिलेलं कलम.

"कॅलोवे एक्केचाळीस, स्टेट तीन," ओटिसनी वाचलं.

"कुणाची असेल बरं?" रॉयस म्हणाला. "अक्कल आहे तेवढाच आकडा स्टेटला दिलाय."

"स्टेट चोवीस, कॅलोवे सतरा." ती रॉयसची, पेन्सिल कागदात रुतली होती. "स्टेट तेरा, दहा." ती ओटिसची स्वतःची. तरुणपणी चिखलात जिंकलेल्या मॅचचा तो आकडा ते दरवर्षी लिहीत. "स्टेट चौतीस, कॅलोवे वीस. खाली खेचर."

कोल्बी लहानपणापासून चिठ्ठीच्या कोपऱ्यात लांब कानांचं खेचर काढायचा. सहा वर्षांचा असताना ते सशासारखं दिसायचं. अजूनही थोडं तसंच दिसायचं.

ओटिसनी पुढची उचलली. "कॅलोवे वीस," ते म्हणाले आणि थांबले. "स्टेट सहा."

हॉइटने टाळी वाजवली. "फितूर! टिडमोरांच्या घरात फितूर!"

रॉयसने चिठ्ठी ओढून घेतली. वाणसामानाची यादी लिहिणारं ते अक्षर तो सत्तावीस वर्षं फ्रिजच्या दारावर बघत आला होता. "ओपल."

"हो. माझीच."

"स्वतःच्या पोराच्या विरुद्ध?"

"तो खेळला नाही तर काय होईल, ते लिहिलंय."

"का नाही खेळणार तो?" रॉयसचा आवाज चढला. "बोल ना. काय झालंय त्याला? लिहायची हिंमत आहे, तर बोलायचीही दाखव."

ओपलने पिकान-पायचा चुरा बोटाने गोळा केला. शब्द जिभेवर होता. पण कोल्बी समोर बसला होता, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे पाठ करून, आणि आईनेच तो शब्द काढला तर तो खरा होईल, असं तिला वाटलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलं, कोल्बी?" रॉयसने विचारलं.

"ठीक आहे म्हणाले, सर." बापाला तो लहानपणापासून 'सर'च म्हणायचा.

"परवा खेळणार ना?"

"हो, सर."

"ऐकलंस?" रॉयस बायकोकडे वळला. "चार वर्षं पोराने घाम गाळलाय. त्याची आई आणि हा हिरवा बगळा मिळून—"

"मला कशाला ओढतोस?" हॉइट म्हणाला. "आणि म्हातारबुवा, ते काय खिशात घालताय?"

सगळ्यांचं लक्ष ओटिसकडे गेलं. डब्यात त्यांना आणखी एक चिठ्ठी सापडली होती. माणसं पाच, चिठ्ठ्या सहा. ती त्यांनी वाचली होती आणि आता खिशाचं तोंड शोधत होते.

"काही नाही. रद्दी आहे."

हॉइट डुगडुगत्या खुर्चीवरून उठला, हात लांबवून चिठ्ठी घेतली आणि जोरात वाचली. "स्टेट सतरा, कॅलोवे चौदा. आणि खाली..." पुढे तो वाचेनाच.

रॉयसने वाकून बघितलं. खाली खेचर होतं.

"लबाडा!" तो ओरडला. "माझ्या पोराचं खेचर काढतोस? पाहुणा म्हणून बोलावलं, तर डब्यात दोन चिठ्ठ्या टाकतोस? ऊठ. तुझी टोपी घे आणि चालता हो."

एरवी हॉइटने दहा उत्तरं दिली असती. त्याने बहिणीकडे बघितलं, मग भाच्याकडे. "हो," तो हळूच म्हणाला. "मीच टाकली. जातो मी."

आयुष्यभर खरं सांगून भांडणारा भाऊ पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि तेही खेचरासाठी. ओपलला त्याच्या गालावरून हात फिरवावासा वाटला. ती जागची हलली नाही. जेवणाआधी तिने कोल्बीला ओट्यापाशी लिहिताना पाहिलं होतं. अर्ध्या तासाने तो पुन्हा आत आला, तेव्हा ती ओव्हनमध्ये वाकलेली होती. पाणी प्यायला आला असेल, असं तिला वाटलं होतं.

"बस, मामा," कोल्बी म्हणाला.

त्याने दोन्ही चिठ्ठ्या आपल्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही खेचरांचे कान एकाच बाजूला झुकलेले. तो बराच वेळ बघत राहिला, कुणा ओळखीच्या माणसाचं नाव आठवत असल्यासारखा.

"दोन्ही माझ्या आहेत."

"मग चिठ्ठी बदलावीशी वाटली असेल," रॉयस घाईने म्हणाला. "काढायची राहिली पहिली. होतं असं. कुणीही विसरतं. मी नाही का गाडीच्या किल्ल्या विसरत? हो ना, कोल्बी?"

सगळे त्या "हो, सर"ची वाट बघत होते. एकवीस वर्षांत त्या घरात दुसरं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं.

"नाही, सर," कोल्बी म्हणाला. "पहिली लिहिल्याचं मला आठवतच नाही. डोक्याला लागल्यापासून रोज असंच होतंय."